गाळलेला नववा अध्याय

२३ जून, सोमवार
सातवीचा वाचन-तास माझ्याकडे आला. रोज शेवटची तासिका. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "एखादं पूर्ण पुस्तक घ्या सर. मुलं धडे वाचतात, पुस्तक वाचत नाहीत."
कोणतं घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. होडीवाल्या भावंडांचं. शाळेच्या कपाटात एक प्रत, माझी एक. बाकी झेरॉक्स. दोघांत एक पुरेल.
गावच्या शाळेत चौथीत असताना हे पहिल्यांदा वाचलं. आई-बाप नसलेली तीन भावंडं बापाची होडी चालवून एक पावसाळा काढतात. बाप गेल्याचं पलीकडच्या गावाला कळू नये म्हणून थोरली यमू रोज त्याचा सदरा धुऊन दोरीवर घालते. चोवीस वर्षं शिकवतोय. त्या सदऱ्यापाशी अजून आवाज धड राहत नाही.
साडेबाराला सुटलो, पाऊणला घरी. काका दाराकडे तोंड करून पडलेले. सकाळी पाचला मी लघवीचं भांडं दिलेलं, त्यानंतर नाही. वंदना घरात असते पण "सूनबाईच्या हातून नको." ती एकला कामावर निघते, त्याआधी मी पोचायलाच हवं. चौदा महिने हेच.

२६ जून, गुरुवार
विलासचा फोन. काकांचा मुलगा, वापीला असतो. "दादा, पुढच्या महिन्यात बघतो काहीतरी." गेल्या एप्रिलात काकांचं खुब्याचं हाड बसवलं आणि ठाकुर्लीला माझ्याकडे आणून ठेवलं ते पंधरा दिवसांसाठी. आता तो पंधरा दिवस हा शब्दही काढत नाही.
वं. म्हणाली, "तुम्ही हो म्हणता ते आधी बंद करा."
मी काय म्हणणार. काकांच्या घरी राहून शिकलो. गावाहून कॉलेजला निघालो तेव्हा ट्रंक डोक्यावर घेऊन एस.टी.पर्यंत आले होते.

२ जुलै, बुधवार
दिवेलागणीला देवापाशी दिवा, मग काकांना पोथीचा एक अध्याय, मग माझी उद्याची तयारी. मी तयारी मोठ्यानं वाचूनच करतो. कुठे थांबायचं ते तसंच कळतं.
काकांचे दोन्ही डोळे गेल्यात जमा. कान शाबूत.
"ते काय वाचतोस रे दत्ता? पोथी नाही ही."
"मुलांचं पुस्तक आहे. शाळेचं."
"परत पहिल्यापासून वाच. काल अर्धं कानावर पडलं."
वाचलं. शेवटी त्यांनी हात जोडले. सवयीनं. पोथीला जोडतात तसे.

५ जुलै, शनिवार
एका बैठकीला एक अध्याय, पण रोज जमत नाही. पुस्तकाचे चौदा आहेत. काका म्हणतात, "नेमानं वाच. अध्याय अर्धा सोडायचा नाही." वर्गापेक्षा घरी पुढे गेलोय.
दुसऱ्यात यमू होडीचं भोक डांबरानं बुजवते. काका म्हणाले, "डांबर तापवायला पायजे होतं जास्त. टिकायचं नाही ते." तिसऱ्यात नाहीच टिकत. फार खूश झाले.

९ जुलै, बुधवार
ताईचा फोन, शाळेतून येताना रस्त्यात घेतला. ताई माझी सख्खी, बाळकुमला मुलाकडे असते. घरी असताना तिच्याशी बोलता येत नाही, काका दोन हातांवर असतात.
"आहेत का अजून?"
"आहेत."
"बरं."
काका आल्यापासून ती आमच्याकडे आलेली नाही. गेल्या वर्षी गौरी जेवायलाही नाही. माझं घर हेच तिचं माहेर. "ते असेपर्यंत तुझा उंबरा ओलांडायची नाही. तू सेवा कर, मी अडवत नाही. पण मला ये म्हणू नकोस."
आणि मला जाता येत नाही. बाळकुमला जाऊन यायचं म्हणजे चार तास. चार तास काकांना कोण बघणार.
देवळातही गेलो नाही दोन महिने. खालच्याच गल्लीत आहे. संध्याकाळी आरतीची घंटा घरात ऐकू येते, तेवढ्यावर.

१२ जुलै, शनिवार
आज वर्गात पुस्तकाच्या आधीची गोष्ट सांगावीशी वाटली. सांगितली नाही. इथे लिहितो.
बाबा श्रावणात माडावरून पडून गेले. आई त्याच्या आदल्या वर्षीच गेलेली. ताई बारा वर्षांची, मी सात. काका वरच्या वाडीत. म्हणाले, "कापणी होऊ दे, मग बघू." चार महिने आम्ही दोघंच. ताई रोज सकाळी चूल पेटवायची. शिजवायला काही नसलं तरी. धूर दिसला पाहिजे, म्हणायची, नाहीतर लोक येऊन विचारतील.
मला ते चार महिने फार आवडले होते. हे कोणाला सांगितलेलं नाही.
कापणी झाली. काका आले. मी वरच्या वाडीत गेलो, ताईला एस.टी.त बसवून कल्याणकडे पाठवलं. विठ्ठलवाडीला एका घरी, मुलं सांभाळायला. तिची शाळा सहावीत सुटली. मी मास्तर झालो.
चौथीत हे पुस्तक हाताला लागलं तेव्हा वाटलं, कोणीतरी आमचंच लिहिलंय. फक्त शेवट वेगळा.

१५ जुलै, मंगळवार
घरी आठवा अध्याय झाला. नवव्यात त्या मुलांचा काका येतो. बैलगाडी घेऊन. दोघांना नेतो म्हणतो, तिसऱ्याची सोय दुसरीकडे. यमू म्हणते, तिघं नाहीतर कोणीच नाही. पहाटे रिकामी गाडी घेऊन काका निघून जातो. लेखकानं त्याला दया दाखवलेली नाही. मिशी, पान, ओरडणं, सगळं आहे.
हे त्यांच्यापुढे कसं वाचू. चौऱ्याऐंशी वर्षांचं माणूस, कुशीवर वळायलाही माझा हात लागतो.

१६ जुलै, बुधवार
नववा गाळला. दहावाच "अध्याय नववा" म्हणून वाचला. हात जोडले त्यांनी. मला जेवण गेलं नाही.

१७ जुलै, गुरुवार
पकडलं.
सकाळी पाचला, कूस बदलत असताना. "दत्ता, काल अंगणात चाकोरी कुठून आली?"
"कसली चाकोरी?"
"तू वाचलंस. धाकटी गाडीच्या चाकोरीत पाणी साचलंय त्यात होड्या सोडते. गाडी आली कधी? त्यांच्याकडे बैल नाही, गाडी नाही."
मी त्यांच्या पाठीशी उशी लावली.
"पारायणात अध्याय गाळत नाहीत," म्हणाले. रागानं नाही. चुकलेल्या मुलाला सांगावं तसं.

१८ जुलै, शुक्रवार
वाचला. सगळा. मिशीसकट.
संपल्यावर हात जोडले नाहीत. विचारलं,
"गाडी रिकामीच गेली?"
"हो."
"तो परत आला नाही?"
"पुस्तकात नाही येत."
"हं."
वं. साडेआठला आली तेव्हा मी दिवाही न लावता बसलो होतो. "लाईट गेली का?" म्हणाली.

१९ जुलै, शनिवार
वर्गात सहावा अध्याय. समीक्षा, दुसऱ्या बाकावरची, कधी बोलत नाही. आज हात वर.
"सर, यमू रडत का नाही?"
मागून आर्यन, "हिरोईन आहे ती. हिरोईन नाय रडत असल्या गोष्टीला."
समीक्षा म्हणाली, "चूल फुंकते ना ती रोज? मग धूर तर जाईल डोळ्यात."
वर्ग हसला. मी फळ्याकडे वळलो.
घरचा अभ्यास दिला, 'मी एकट्याने काय काय करतो'. मु.बाईंना भिंतीवर तक्ता हवाय. स्वावलंबन. पुढच्या महिन्यात तपासणी आहे.

२३ जुलै, बुधवार
वह्या. सगळ्यांनी दप्तर भरतो, दूध आणतो, सायकल पुसतो. समीक्षाची:
'मी सकाळी भावाला उठवते. डबा करते. आई दुपारपाळीला जाते म्हणून भात मीच लावते. भावाचा अभ्यास घेते. मला सगळं येतं. म्हणून मला कोणी विचारत नाही.'
लाल पेन हातात घेऊन बसलो होतो. काय खूण करायची ते कळेना. वही तशीच परत.

२४ जुलै, गुरुवार
काका आज आपणहून.
"मी ओरडलो नव्हतो."
"कधी?"
"त्या पुस्तकातला ओरडतो. मी नाही ओरडलो." मग थांबून, "मी पडवीत बसलो. म्हटलं, घरात पाच तोंडं आहेत, दोघांना कसा नेऊ. सुमननंच सांगितलं. दत्ताला न्या, त्याला शाळेत घाला, मी जाईन कुठेही. असंच म्हणाली. मी नाही पाठवलं तिला. ती म्हणाली."
बेचाळीस वर्षांत हे कधी ऐकलं नव्हतं. ताईनं नाही सांगितलं, काकांनी नाही.
मी कुठे होतो तेव्हा? मागच्या परसात असणार. बोरं वेचत.

३० जुलै, बुधवार
तेरा अध्याय झाले घरी. चौदावा शेवटचा. काका म्हणाले, "तो राहू दे."
"का?"
"समाप्तीला माणसं लागतात."
पुन्हा पोथी सुरू केली.
पाय सुजलेत त्यांचे. डॉक्टर फोनवर म्हणाले, वयोमान. दोन गोळ्या वाढल्या.

९ ऑगस्ट, शनिवार
राखी. ताई ठाकुर्लीपर्यंत आली. स्टेशनपर्यंतच. फलाटाच्या कल्याणकडच्या टोकाला बाक आहे, तिथे बसलो. इथून माझं घर सात मिनिटं. तिथेच ओवाळलं तिनं. निरांजन वाऱ्यानं विझत होतं, पिशवी आडवी धरून तिसऱ्यांदा लावलं. शेजारच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "घर नाही का जवळ?" ताई म्हणाली, "आहे की."
नारळाच्या वड्या. मी खात असताना विचारून टाकलं.
"ताई, तूच म्हणाली होतीस का काकांना? याला न्या म्हणून?"
डब्याचं झाकण लावत राहिली. "सांगितलं वाटतं तुला. म्हणाले असेन."
"मला कधी बोलली नाहीस."
"तू कधी विचारलंस?"
मी बरोबर झेरॉक्सचा एक संच नेला होता. चोवीस वर्षं शिकवतोय ते पुस्तक. म्हटलं, वाच. तिनं चष्मा काढून पहिलं पान पाहिलं, पिशवीत ठेवलं. "जाताना वाचते."
पाऊण तास. घड्याळ मीच बघत होतो. तिनं ओळखलं. "जा. पडून असतील."

१३ ऑगस्ट, बुधवार
तक्ता लावायचा आहे. मु.बाईंनी वह्या पाहिल्या. "समीक्षाचं छान आहे. शेवटचं वाक्य तेवढं काढा. तपासणीला येणारे विचारतील." मी हो म्हटलं. माझं हो म्हणणं.

१७ ऑगस्ट, रविवार
सकाळी भाजी आणायला उतरलो, तेव्हा ताईचा फोन. फळवाल्याच्या गाडीपाशी उभं राहून ऐकला सगळा. जमेल तसा लिहून ठेवतो.
"वाचलं. दोनदा. रडवलंन मेल्यानं. ती धाकटी तापानं पडते तिथे."
"मग आवडलं?"
"आवडलं. पण एक सांग, त्या पोरीला सगळे शाब्बास शाब्बास करतात. शेवटी गावातला तो पाटीलसुद्धा. शाब्बास म्हटलं की मोठी माणसं मोकळी. हो की नाही?"
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"मी म्हटलं होतं, दतू. म्हटलंच होतं. पण बारा वर्षांची पोर म्हणाली आणि चाळिशीच्या बाप्यानं ऐकलं? दुसरं कधी काही ऐकलं त्यांनी माझं? मी म्हटलं असतं, मलाही शाळेत घाला, तर ऐकलं असतं? जे सोयीचं तेवढंच ऐकू आलं." मग आवाज खाली आणून, "मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. म्हणून मी म्हटलं होतं."
फळवाला पपई घेऊन उभा. मी खुणेनं थांब म्हटलं.
"आणि तूसुद्धा. इतकी वर्षं परक्या पोरांना वाचून दाखवतोस. मला आत्ता दिलंस."
भाजी न घेताच वर आलो.

१८ ऑगस्ट, सोमवार
मला आवडलेले ते चार महिने. तिनं चूल फुंकून मला आवडवलेले.

१९ ऑगस्ट, मंगळवार
तक्ता लावला. समीक्षाचं शेवटचं वाक्य ठेवलं. मु.बाई समोरून गेल्या, थांबल्या, चष्मा वर करून वाचलं, पुढे गेल्या. दुपारपर्यंत बोलावणं आलं नाही.
समीक्षानं मात्र मधल्या सुट्टीत विचारलं, "सर, ते राहिलं चुकून?"
"चुकून नाही."
"मग आईला दाखवू नका हां."

२० ऑगस्ट, बुधवार
काकांना सांगितलं. ताई म्हणाली ते, शब्दाला शब्द. नववा अध्याय वाचला तसं, न गाळता. सांगताना पाय पुसत होतो त्यांचे, म्हणून तोंडाकडे बघावं लागलं नाही.
"तिला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल."
पाय ओढून घेतला त्यांनी. त्या पायात तेवढी शक्ती आहे हे मला माहीत नव्हतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार
पोथी नको म्हणाले. दूध नको. भिंतीकडे तोंड.
वं. "काय बोललात त्यांना?" सांगितलं. ती बराच वेळ कणीक मळत राहिली. "बरं केलंत की वाईट, मला नाही कळत," म्हणाली. "पण आजारी पडले तर तुम्हीच उठणार आहात पाचला."

२४ ऑगस्ट, रविवार
तीन दिवसांनी बोलले.
"गौर कधी आहे?"
"येत्या रविवारी आणायची. सोमवारी जेवण."
"सुमनला आणायला कोण जातं?"
"मीच. दरवर्षी मुराळी म्हणून मीच जायचो. गेल्या वर्षी नाही म्हणाली."
"तू पाठवली नव्हतीस तिला. तुझ्याबरोबर कशाला यायची." श्वास घेतला. "मी जातो."
मला वाटलं, भ्रम झाला. म्हटलं, "काका, तीन जिने आहेत. लिफ्ट नाही."
"उतरव."

२५ ऑगस्ट, सोमवार
वं. साफ नाही म्हणते. "हाड परत मोडलं तर? विलासभावजी येणारेत का धावत? जन्मभर काय केलं नाही ते आता एका दिवसात करायचंय त्यांना, आणि उचलणार कोण, तुम्ही." तिचं बरोबर आहे. प्रत्येकाचं बरोबर आहे या घरात. एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात इतकी बरोबर माणसं.

२६ ऑगस्ट, मंगळवार
दुसरी गोष्ट मनात येतेय. न सांगता म्हाताऱ्याला नेऊन तिच्या दाराशी ठेवायचं म्हणजे तिलाही कोंडीत धरायचं. शेजारी बघणार, सुनेसमोर तिला हो म्हणावं लागणार. तिच्यासाठी दुसऱ्यांनी ठरवलंय ते एकदा पुरे.
उद्या गणपती. मखर वं.नेच केलं. मी फुलपुडी आणली तेवढीच.

२७ ऑगस्ट, बुधवार
बाप्पा बसले. काकांना उशीला टेकवून बसवलं, त्यांनी आरतीत टाळी धरली. ठेका चुकत नाही अजून.
देवाकडे काही मागावं असं आज वाटत होतं, पण काय ते ठरेना. नुसता उभा राहिलो.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
ताईला फोन केला. जिन्यात उभा राहून.
"काका येतायत रविवारी. तुला न्यायला."
पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आणखी एक.
"कसे येणार? चालता येत नाही ना?"
"उतरवतो. रिक्षानं आणतो."
"वर येऊ नका म्हणावं."
"वर येणार नाहीत. खाली थांबतील. तू खाली आलंच पाहिजे असं नाही. तेही सांगून ठेवतो त्यांना."
"किती वेळ थांबतील?"
"ते मला नाही माहीत."
"थांबू देत," म्हणाली आणि ठेवला.
काकांना सांगितलं. "एवढं बोलली?" म्हणाले. रात्रीचा भात सगळा खाल्ला.

३० ऑगस्ट, शनिवार
खालच्या मजल्यावरचे जाधव आणि त्यांचा मेहुणा खुर्ची धरायला येतो म्हणाले. जाधव म्हणाले, "सर, गणपती पण असेच उतरवतो की आम्ही. फक्त हे नाचवायचे नाहीत."
वं. संध्याकाळी काही न बोलता जुनी चादर फाडून पट्ट्या करत बसली. "खुर्चीला बांधा. आणि पाठीला उशी. ती निळी, मऊ आहे ती."
गौरीचे मुखवटे काढून पुसले. उद्या वं. एकटीच गौर घरात घेणार. पावलं काढायला पीठ भिजवून ठेवलंय.

३१ ऑगस्ट, रविवार
वही घरी राहिली. हे चौदाव्या अध्यायाच्या झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय. नंतर चिकटवीन.
काकांनी आज धोतर नेसायचंच म्हटलं. नेसवलं. टोपी. मी पाचऐवजी चारला उठलो होतो. तीन जिने उतरायला पंचवीस मिनिटं लागली. दुसऱ्या वळणावर खुर्ची कलली तेव्हा मी डोळे मिटले, काकांनी नाही. "भिंतीला घासू दे, हात नको लावू," जाधवांना सांगत होते. बेचाळीस वर्षांपूर्वी भाताची ओझी उतरवताना असेच बोलत असतील.
रिक्षावाला पोरगा बरा मिळाला. माणकोलीच्या पुलावरून आलो. वारं लागलं तसे काका म्हणाले, "खाली पाणी आहे का?"
"खाडी आहे."
"पूर्वी होडी असणार इथे."
"असणार."
बाळकुमला पावणेदहाला पोचलो. ताईची इमारत, मधे छोटं अंगण, सिमेंटचे बाक. वॉचमनला वाटलं, पेशंट आणलाय, व्हीलचेअर देऊ का विचारलं. काकांना आमच्याच खुर्चीत बसवलं, रिक्षाच्या मागे बांधून आणली होती. फोन केला. ताईच्या सुनेनं घेतला. "आई आंघोळीला गेल्यात," म्हणाली. पाच मिनिटांनी, "आईंना सांगितलंय मी." बस.
दहा. सव्वादहा. काकांना सावली सरकली तशी खुर्ची सरकवली. भांडं पिशवीत आणलंय. हवंय का विचारलं, नको म्हणाले.
मी म्हटलं, "काका, शेवटचा अध्याय वाचू का? आणलाय."
"ती आली तर. नाहीतर परत ने."
साडेदहाला ऊन डोक्यावर. म्हटलं, "निघू या का? परत कधीतरी येऊ."
तेव्हा म्हणाले. माझ्याकडे न बघता, इमारतीच्या दाराकडे तोंड करून. दार नेमकं कुठे आहे ते त्यांना दिसत नाही, पण तोंड बरोबर होतं.
"तिला एस.टी.त बसवलं त्या दिवशी गाडी सुटायला अवकाश होता. खिडकीशी बसलेली. मी थांबलो नाही. भाताची झोडणी राहिली होती माझी."
"आज काय राहिलं नाही माझं," म्हणाले.
अकराला दहा. रिक्षावाला फाटकातून डोकावला. "काका, किती वेळ अजून? मला भाडं आहे ठाण्याचं. येताय का थांबताय?"
मी वर पाहिलं. पाचव्या मजल्यावर ताईच्या खिडकीत धुणं वाळत घातलंय. कोणीतरी एकेक कपडा आत घेतंय. चेहरा दिसत नाही, हात दिसतोय. घाई नाही. बाहेर जायच्या आधी घेतात तसं असेल. नुसतं वाळलं म्हणूनही असेल.
रिक्षा सोडून दिली.